बिल्डरूटने स्वतःची इमेज तयार करून त्यावर संगणक बूट करणे : नवशिक्यांसाठी मार्गदर्शन

वाचनालयाच्या दाराशी पुस्तकांची यादी दाखवणारा, शेतातल्या संवेदकांच्या नोंदी गोळा करणारा किंवा दुकानात फक्त पावत्या छापणारा संगणक दिवसभर एकच काम करत असतो. अशा संगणकाला पूर्ण डेस्कटॉप प्रणाली लागत नाही. त्याला लिनक्सचे कर्नल (प्रणालीचा गाभा), मोजकी साधने आणि आपला एक प्रोग्रॅम एवढेच पुरते. हे सारे एका फाइलमध्ये बसवून ती फाइल पेनड्राइव्हवर उतरवली की जुना पीसीसुद्धा त्यावर चालू होतो. या फाइलला डिस्क इमेज म्हणतात. ती तयार करण्याची साधने अनेक आहेत; योक्टो हे त्यांतले मोठे नाव आहे. तरी पहिल्यांदाच हे काम करणाऱ्याने बिल्डरूटपासून सुरुवात करावी, असे माझे स्पष्ट मत आहे, कारण त्याची रचना एका बैठकीत समजण्याइतकी सोपी आहे आणि काही बिघडले तर नेमके कोठे पाहायचे हे लवकर कळते. हा प्रकल्प २००१ साली सुरू झाला. त्याची नवी आवृत्ती दर तीन महिन्यांनी, म्हणजे फेब्रुवारी, मे, ऑगस्ट आणि नोव्हेंबरमध्ये येते. त्यांपैकी फेब्रुवारीच्या आवृत्तीला दीर्घकाळ दुरुस्त्या मिळत राहतात. म्हणून नवशिक्याने '२०२५.०२' यासारखी '.०२'ने संपणारी आवृत्ती घ्यावी.

या लेखात ६४ बिटांचा साधा इंटेल किंवा एएमडी पीसी गृहीत धरला आहे. आदेश आणि फाइलींची नावे वाचण्याच्या सोयीसाठी उच्चारानुसार देवनागरीत दिली आहेत. ती टंकताना रोमन लिपीतच टंकावीत. लिनक्समध्ये लहान आणि मोठी अक्षरे वेगळी धरली जातात, तेव्हा वेगळे सांगितले नसेल तर आदेश लहान अक्षरांत द्यावेत.

बूट होताना काय घडते

हा भाग वगळून थेट आदेशांकडे जाण्याचा मोह होतो, पण पुढे येणाऱ्या बहुतेक अडचणींचे उत्तर इथेच आहे. संगणक सुरू होताना कामाचा ताबा चार जणांकडे क्रमाने जातो. पहिले फर्मवेअर, म्हणजे मदरबोर्डवरच्या चिपमधला प्रोग्रॅम. जुन्या पीसीत हे फर्मवेअर बायॉस असते आणि ते डिस्कच्या अगदी पहिल्या ५१२ बाइटांच्या सेक्टरमधला कोड उचलून चालवते. अलीकडच्या पीसीत यूईएफआय असते. ते पेनड्राइव्हवरचे फॅट पद्धतीचे विभाजन (पार्टिशन, म्हणजे डिस्कचा वेगळा केलेला भाग) उघडते आणि त्यातल्या 'ईएफआय' फोल्डरमधील 'बूट' फोल्डरात 'बूटएक्स६४.ईएफआय' या ठराविक नावाची फाइल शोधते. दुसरा बूटलोडर, आपल्या इमेजमध्ये ग्रब. तो आपली सेटिंग फाइल वाचतो, कर्नल स्मृतीत आणतो आणि त्याला काही सूचना देऊन ताबा सोडतो. तिसरे कर्नल. ते यंत्रातले भाग ओळखते आणि मूळ फाइलप्रणाली कोणत्या विभाजनावर आहे ते शोधून जोडते. चौथा 'इनिट', त्या फाइलप्रणालीतला पहिला प्रोग्रॅम, जो उरलेल्या सेवा सुरू करतो.

प्रत्येकाला पुढच्याचा पत्ता ठाऊक असावा लागतो आणि त्या पत्त्यावर ती वस्तू असावी लागते. बूट अडले तर या चारांपैकी कोणत्या टप्प्यावर अडले हे आधी ठरवावे. ते ठरल्याशिवाय कोणतीही सेटिंग बदलू नये.

तयारी

इमेज तयार करण्यासाठी लिनक्स चालणारा संगणक हवा. डेबियन किंवा उबुंटू असल्यास 'बिल्ड-इसेन्शियल', 'लिबएनकर्सेस-डेव्ह', 'आरसिंक', 'अनझिप', 'बीसी', 'सीपीआयओ', 'फाइल' आणि 'डब्ल्यूगेट' ही पॅकेजे बसवावीत. इमेज आधी आभासी यंत्रात तपासायची आहे, त्यासाठी 'क्यूएमू'चे एक्स८६ पॅकेज आणि 'ओव्हीएमएफ' हेही घ्यावे. ओव्हीएमएफ म्हणजे आभासी यंत्रासाठीचे यूईएफआय फर्मवेअर. डिस्कवर पंधरा-वीस जीबी मोकळी जागा ठेवावी आणि इंटरनेट चांगले असावे, कारण बिल्डरूट कर्नलपासून प्रत्येक साधनाचा स्रोतकोड डाउनलोड करून तो स्वतः संकलित (कंपाइल) करते.

विंडोजमधल्या डब्ल्यूएसएलमध्येही, म्हणजे विंडोजच्या आत लिनक्स चालवण्याच्या सोयीतही, हे काम होते, पण तिथे एक अडचण हमखास येते. डब्ल्यूएसएल विंडोजचे फोल्डर आपल्या 'पाथ'मध्ये, म्हणजे आदेश ज्या फोल्डरांत शोधले जातात त्यांच्या यादीत, जोडते. त्यातल्या 'प्रोग्रॅम फाइल्स'सारख्या नावांत मोकळी जागा असते आणि तशी जागा दिसताच बिल्डरूट पहिल्याच पावलावर थांबते. अशा वेळी त्या टर्मिनलपुरता 'पाथ' लिनक्सच्या नेहमीच्या फोल्डरांपुरता मर्यादित करावा. संकलनाचे काम लिनक्सच्या बाजूच्या घर-फोल्डरात करावे, विंडोजच्या 'सी' ड्राइव्हवर करू नये.

बिल्डरूटच्या संकेतस्थळावरून आवृत्तीची संकुचित फाइल उतरवून ती उघडावी आणि टर्मिनलमध्ये त्या फोल्डरात जावे. रूट वापरकर्ता, म्हणजे सर्व अधिकार असलेला वापरकर्ता, म्हणून संकलन कधीही करू नये. बिल्डरूटला त्या अधिकाराची गरज नाही, आणि एखाद्या पॅकेजच्या संकलनात चूक असेल तर साध्या वापरकर्त्याच्या हातून आपल्या मूळ प्रणालीचे नुकसान होत नाही.

पहिली इमेज : काहीही न बदलता

नवशिक्या इथे घाई करतो. तो लगेच पॅकेजे निवडू लागतो, कर्नलची सेटिंग बदलतो, स्वतःचा प्रोग्रॅम घालतो, आणि शेवटी पडदा काळा राहिला तर दोष कोणत्या बदलाचा हे त्याला सांगता येत नाही. म्हणून पहिली इमेज जशीच्या तशी तयार करावी, ती खऱ्या संगणकावर बूट करून पाहावी आणि मगच बदलांना हात घालावा.

बिल्डरूटमध्ये पीसीसाठी दोन तयार मांडण्या आहेत. यूईएफआय असलेल्या यंत्रासाठी 'पीसी_एक्स८६_६४_ईएफआय_डेफकॉन्फिग' आणि बायॉसवाल्या यंत्रासाठी 'पीसी_एक्स८६_६४_बायॉस_डेफकॉन्फिग'. आपल्या पीसीत काय आहे हे ठाऊक नसेल आणि त्यावर विंडोज असेल, तर 'एमएसइन्फो३२' चालवून 'बायॉस मोड'च्या ओळीत 'यूईएफआय' की 'लेगसी' आहे ते पाहावे. लिनक्स असेल तर 'सिस' फोल्डरातील 'फर्मवेअर'मध्ये 'ईएफआय' नावाचा फोल्डर आहे का ते पाहावे. असेल तर ती प्रणाली यूईएफआयमार्गे सुरू झालेली आहे.

'मेक' या आदेशापुढे मांडणीचे नाव देऊन ती लागू करावी. त्यानंतर नुसता 'मेक' द्यावा. आता थांबायचे. बिल्डरूट प्रथम स्वतःचा संकलक तयार करते, मग कर्नल, मग बिझीबॉक्स (लिनक्सचे नेहमीचे छोटे आदेश एकत्र देणारा प्रोग्रॅम) आणि बाकीची पॅकेजे. यंत्र आणि इंटरनेट यांच्या वेगानुसार अर्ध्या तासापासून काही तासांपर्यंत वेळ लागतो. पुढच्या वेळी डाउनलोड झालेल्या फाइली 'डीएल' फोल्डरात तयार असतात, म्हणून तो फोल्डर पुसू नये.

काम संपल्यावर 'आउटपुट' फोल्डरात चार महत्त्वाचे भाग दिसतात. 'बिल्ड'मध्ये प्रत्येक पॅकेजचा उघडलेला स्रोतकोड असतो, 'होस्ट'मध्ये संकलनाची साधने, 'टार्गेट'मध्ये भावी फाइलप्रणालीचा साचा आणि 'इमेजेस'मध्ये तयार माल. 'टार्गेट' फोल्डर दिसायला हुबेहूब लिनक्सच्या मूळ फोल्डरासारखा असतो, त्यामुळे तोच पेनड्राइव्हवर नक्कल करावा असे वाटते. तसे करू नये. त्यातल्या फाइलींची मालकी आणि परवानग्या अंतिम नसतात, म्हणून बिल्डरूट त्यात 'ही तुमची मूळ फाइलप्रणाली नव्हे' अशा अर्थाच्या नावाची एक इंग्रजी फाइलही मुद्दाम ठेवते. आपल्याला हवी आहे ती 'इमेजेस'मधली 'डिस्क.आयएमजी'. तिच्यात विभाजनांचा तक्ता, ग्रब, कर्नल आणि मूळ फाइलप्रणाली हे सारे आपापल्या जागी बसवलेले असते.

आभासी यंत्रात तपासणी

पेनड्राइव्हला हात लावण्यापूर्वी इमेज क्यूएमूमध्ये चालवावी. 'क्यूएमू-सिस्टिम-एक्स८६_६४' या आदेशाला '-एम' पर्यायाने किमान ५१२ एमबी स्मृती द्यावी (हा 'एम' लहान लिपीतला, कारण मोठ्या 'एम'चा अर्थ यंत्राचा प्रकार असा होतो) आणि '-ड्राइव्ह' पर्यायात 'फाइल' म्हणून 'डिस्क.आयएमजी'चा मार्ग, 'इफ' म्हणून यूईएफआयच्या इमेजला 'व्हर्टिओ' (बायॉसच्या इमेजला 'आयडीई') आणि 'फॉर्मॅट' म्हणून 'रॉ' लिहावे. यूईएफआयची इमेज असेल तर '-बायॉस' पर्यायात ओव्हीएमएफची फाइलही द्यावी लागते. डेबियन-उबुंटूत ती 'यूएसआर' फोल्डरातील 'शेअर'मध्ये 'ओव्हीएमएफ' नावाच्या फोल्डरात मिळते. हा पर्याय विसरला तर क्यूएमू नेहमीचे बायॉस वापरते, त्या बायॉसला यूईएफआयच्या इमेजमध्ये बूट करण्याजोगे काही सापडत नाही आणि चांगली इमेज नापास ठरते.

सारे नीट असेल तर ग्रबचा छोटा मेनू येतो, काही सेकंदांत कर्नलच्या ओळी सरसर वर जातात आणि शेवटी बिल्डरूटचे स्वागत आणि लॉगिनची सूचना दिसते. 'रूट' हे नाव द्यावे. पासवर्ड ठेवलेला नसतो. आत गेल्यावर 'माउंट' आणि 'डीएफ' हे आदेश चालवून पाहावेत. आपण तयार केलेली प्रणाली किती आटोपशीर आहे, याचा अंदाज तेथे येतो.

पेनड्राइव्हवर उतरवणे

या संपूर्ण कामात माहिती कायमची पुसली जाण्याचा धोका याच एका पायरीत आहे, म्हणून इथे सावकाश जावे. पेनड्राइव्ह लावण्याआधी 'एलएसबीएलके' हा आदेश देऊन डिस्कांची यादी पाहावी. मग पेनड्राइव्ह लावून तोच आदेश पुन्हा द्यावा. यादीत नव्याने आलेले नाव, समजा 'एसडीबी', आणि त्यापुढचा आकार आपल्या पेनड्राइव्हशी जुळतो का हे डोळ्यांनी पडताळावे. १६ जीबीचा पेनड्राइव्ह यादीत १४.९ किंवा त्याच्या आसपास दिसतो, कारण विक्रेता दशमान पद्धतीने मोजतो आणि हा आदेश १०२४च्या पटीत. नाव 'एनव्हीएमई'ने सुरू होत असेल तर ती बहुधा संगणकाची आतली डिस्क आहे. तिला हात लावू नये. डेस्कटॉप प्रणालीने पेनड्राइव्ह आपोआप उघडला असेल तर 'यूमाउंट'ने तो सोडवून घ्यावा.

आता 'डीडी' आदेश 'सुडो'सह, म्हणजे रूटच्या अधिकाराने, द्यावा. 'आयएफ' म्हणजे वाचायची फाइल, तिथे 'डिस्क.आयएमजी', 'ओएफ' म्हणजे लिहायची जागा, तिथे 'डेव्ह' फोल्डरातील 'एसडीबी', 'बीएस' ४एम (हा 'एम' मोठ्या लिपीतला), 'कॉन्व्ह' एफसिंक, 'स्टेटस' प्रोग्रेस. एंटर दाबण्याआधी 'ओएफ'पुढचे नाव एकदा मोठ्याने वाचावे. या आदेशाने 'खात्री आहे का' असे विचारले जात नाही. दुसरी गोष्ट, 'एसडीबी१' असे विभाजनाचे नाव न देता संपूर्ण डिस्कचे 'एसडीबी' हेच नाव द्यावे. आपल्या इमेजमध्ये विभाजनांचा तक्ता आधीच आहे. तो पेनड्राइव्हच्या पहिल्या सेक्टरपासूनच लिहिला गेला पाहिजे. विभाजनाच्या आत लिहिला तर आदेश तक्रार न करता पूर्ण होतो आणि फर्मवेअरला पेनड्राइव्हवर काहीच सापडत नाही.

'एफसिंक' लिहिले नाही तर आदेश क्षणात संपल्याचे दिसते, पण प्रत्यक्षात बरीच माहिती अजून स्मृतीतच असते. अशा वेळी पेनड्राइव्ह ओढून काढला की अर्धीच इमेज हाती येते. विंडोजवरून लिहायचे असल्यास रूफस किंवा बलेनाएचर वापरावे; रूफसने पद्धत विचारली तर डीडी पद्धत निवडावी.

लिहून झाल्यावर विंडोजमध्ये तो पेनड्राइव्ह अचानक लहान किंवा अनोळखी दिसेल. त्याने काही बिघडत नाही. इमेज लहान आहे आणि उरलेली जागा कोणत्याच विभाजनात नाही. काही साधने तक्त्याची दुसरी प्रत डिस्कच्या शेवटी नसल्याची सूचनाही देतात. लहान इमेज मोठ्या डिस्कवर उतरवली की ही सूचना येणारच. तिने बूट होण्यात अडथळा येत नाही.

खऱ्या संगणकावर

यूईएफआयच्या यंत्रांवर बहुधा सिक्युअर बूट चालू असते. ते फक्त ओळखीच्या स्वाक्षरीचे बूटलोडर चालू देते, आणि आपण घरी तयार केलेल्या ग्रबवर तशी स्वाक्षरी नसते. म्हणून फर्मवेअरच्या सेटिंगमध्ये जाऊन ते बंद करावे लागते. मात्र त्या यंत्रात विंडोज असेल आणि त्याची डिस्क बिटलॉकरने कुलूपबंद असेल, तर सिक्युअर बूट बदलल्यानंतर विंडोज रिकव्हरी की मागू शकते. अनेक नव्या लॅपटॉपांत हे कुलूप मालकाच्या नकळत चालू असते. तेव्हा ती की आधी मिळवून कागदावर लिहून ठेवावी. की हाती नसेल तर त्या यंत्रावर हा प्रयोग करू नये. दुसऱ्याच्या किंवा कार्यालयाच्या संगणकावर तर परवानगीशिवाय हे करूच नये. शिकण्यासाठी जुना, रिकामा पीसी सगळ्यांत बरा.

यंत्र पूर्ण बंद करून पेनड्राइव्ह लावावा आणि सुरू करताच बूट मेनूची कळ दाबत राहावी. डेल, एसर आणि बऱ्याच लेनोव्हो यंत्रांवर ती एफ१२ असते, एचपीवर एफ९ किंवा आधी एस्केप आणि मग एफ९, असूसच्या लॅपटॉपवर एस्केप. एसरमध्ये हा मेनू सेटिंगमधून आधी चालू करावा लागू शकतो. विंडोजचे 'फास्ट स्टार्टअप' चालू असेल तर 'शट डाउन'ने यंत्र पूर्णपणे बंद होत नाही; म्हणून विंडोजमधून शिफ्ट दाबून 'रीस्टार्ट' निवडावे आणि तिथल्या 'यूज अ डिव्हाइस'मधून पेनड्राइव्ह निवडावा.

बूट अडले तर

पडद्यावर शेवटची ओळ कोणती होती हे फोनच्या कॅमेऱ्याने टिपून ठेवावे. ओळी वेगाने जात असतील तर व्हिडिओ घ्यावा. त्या शेवटच्या ओळीवरून अडथळा कोणत्या टप्प्यात आहे ते बहुतेक वेळा कळते.

बूट मेनूत पेनड्राइव्हचे नावच नसेल तर दोष पहिल्या टप्प्यात आहे. बायॉसच्या यंत्राला यूईएफआयची इमेज दिली आहे का, किंवा लिहिताना विभाजनाचे नाव दिले गेले का, हे तपासावे. काही स्वस्त इंटेल ॲटम टॅब्लेटांत आणि छोट्या पीसींत प्रोसेसर ६४ बिटांचा असूनही फर्मवेअर ३२ बिटांचे असते. ते 'बूटएक्स६४' न शोधता 'बूटआयए३२' हे नाव शोधते, त्यामुळे या लेखातली इमेज त्यावर चालत नाही. नाव दिसते पण निवडल्यावर स्वाक्षरी किंवा सुरक्षेविषयी संदेश येतो, तेव्हा सिक्युअर बूट अजून चालू आहे.

नुसता 'ग्रब' हा शब्द आणि त्यापुढे कोनी कंस दिसला, तर फर्मवेअरने आपले काम केले आहे, पण ग्रबला सेटिंग फाइल मिळालेली नाही. तिथे 'एलएस' टंकून डिस्का आणि विभाजने पाहता येतात. कर्नलची फाइल सापडली तर 'लिनक्स' आणि 'बूट' हे आदेश हाताने देऊन यंत्र सुरूही करता येते.

कर्नलच्या ओळी येऊन 'वेटिंग फॉर रूट डिव्हाइस' इथे कायमचे थांबले, किंवा 'अनेबल टू माउंट रूट एफएस' असे म्हणून 'कर्नल पॅनिक' आले, तर तिसरा टप्पा अडला आहे. हा दोष इमेजमध्ये स्वतः बदल करणाऱ्यांना सर्वांत जास्त भेटतो, म्हणून तो नीट समजून घ्यावा. कर्नलला मूळ फाइलप्रणालीचा पत्ता ग्रबकडून 'रूट=' या सूचनेतून मिळतो. तिथे 'एसडीए२' असे नाव लिहिले तर ज्या यंत्रात आतली डिस्क 'एसडीए' आहे तिथे पेनड्राइव्ह 'एसडीबी' होतो आणि पत्ता चुकतो. म्हणून बिल्डरूटची पीसीची यूईएफआय मांडणी विभाजनाची स्वतःची खूण, 'पार्टयूयूआयडी', वापरते. ती कोणत्याही यंत्रात तीच राहते. त्याच ओळीतला 'रूटवेट' हा शब्दही काढू नये, कारण यूएसबीवरची डिस्क ओळखायला कर्नलला क्षणभर लागतो आणि या शब्दाअभावी ते वाट न पाहता पॅनिकमध्ये जाते.

पत्ता बरोबर असूनही डिस्क सापडत नसेल तर तिच्या ड्रायव्हरकडे पाहावे. उबुंटूसारख्या प्रणाली कर्नलसोबत एक तात्पुरती फाइलप्रणाली स्मृतीत आणतात आणि तिच्यातून ड्रायव्हर उचलतात. आपल्या साध्या इमेजमध्ये ती नाही. त्यामुळे मूळ फाइलप्रणालीपर्यंत पोहोचायला लागणारा प्रत्येक ड्रायव्हर, म्हणजे यूएसबी ३चा एक्सएचसीआय, यूएसबी साठवण, एएचसीआय, एनव्हीएमई आणि एक्स्ट४, कर्नलच्या आतच बांधलेला हवा. तो वेगळे मॉड्यूल म्हणून ठेवला तर ज्या डिस्कवर ड्रायव्हर आहे ती उघडण्यासाठीच तो ड्रायव्हर हवा, असा पेच पडतो. 'मेक लिनक्स-मेनूकॉन्फिग' या आदेशाने उघडणाऱ्या यादीत बांधलेल्या ड्रायव्हरापुढे तारा असतो आणि मॉड्यूलपुढे 'एम'.

'नो वर्किंग इनिट फाउंड' हा संदेश आला तर फाइलप्रणाली जोडली गेली आहे, पण तिच्यात चालण्याजोगा 'इनिट' नाही. आपण घातलेल्या फाइलींनी मूळची फाइल झाकली गेली आहे का ते पाहावे. ग्रबच्या मेनूत 'ई' कळ दाबून कर्नलच्या ओळीच्या शेवटी 'इनिट=/बिन/एसएच' जोडले की थेट शेल, म्हणजे आदेश देण्याची जागा, मिळते आणि आतून तपास करता येतो. हा बदल त्या एका बूटपुरताच राहतो.

शेवटचा प्रकार फसवा आहे. पडदा काळा, पण यंत्र आत बूट झालेले. कर्नलच्या ओळीत 'कन्सोल=' या सूचनेची शेवटची नोंद मुख्य मानली जाते. एखाद्या छोट्या बोर्डासाठीची ओळ उचलून इथे ठेवली असेल तर तिथे 'टीटीवायएस०', म्हणजे सिरियल पोर्ट, लिहिलेले असते आणि लॉगिनची सूचना कोणाला न दिसता त्या पोर्टवर जाते. पीसीच्या पडद्यासाठी 'टीटीवाय१' हवे. ते बरोबर असूनही पडदा मध्येच काळा पडत असेल तर 'नोमोडसेट' जोडून पाहावे.

आता स्वतःचे बदल

'मेक मेनूकॉन्फिग' दिला की निवडीची यादी उघडते. 'सिस्टिम कॉन्फिगरेशन'मध्ये यंत्राचे नाव, रूटचा पासवर्ड आणि वेळेचा पट्टा ठरवावा. भारतासाठी 'एशिया/कोलकाता' लिहावे (दोन्ही नावांची पहिली अक्षरे मोठी). दुरून लॉगिन करायचे असेल तर नेटवर्क पॅकेजांतून 'ड्रॉपबेअर' निवडावे. पासवर्ड ठेवल्याशिवाय ड्रॉपबेअर आत घेत नाही, हे लक्षात असावे. नेटवर्क कार्ड चालत नसेल तर 'डीमेसेज' या आदेशाने दिसणाऱ्या कर्नलच्या संदेशांमध्ये 'फर्मवेअर लोड फेल्ड' आणि उणे २ हा आकडा शोधावा; तो दिसला तर 'लिनक्स-फर्मवेअर' पॅकेजातून त्या कार्डाच्या फाइली निवडाव्यात.

स्वतःच्या फाइली घालण्यासाठी एक वेगळा फोल्डर करून त्याचा मार्ग 'रूट फाइलसिस्टिम ओव्हरले'मध्ये द्यावा. त्या फोल्डरात 'ईटीसी', त्यात 'इनिट.डी' आणि त्यात 'एस९९'ने (मोठ्या 'एस'ने) सुरू होणाऱ्या नावाची स्क्रिप्ट ठेवली, तर ती इतर सेवांनंतर आपोआप चालते. ती चालवण्याची परवानगी 'सीएचमॉड'ने द्यायला विसरू नये. मग पुन्हा 'मेक' द्यावा. या वेळी काम काही मिनिटांत होते. यादीतून एखादे पॅकेज काढले तर मात्र त्याच्या फाइली 'टार्गेट'मध्ये तशाच राहतात. त्या घालवायला 'मेक क्लीन' करून पुन्हा सारे संकलित करावे लागते.

त्याआधी एक काळजी घ्यावी. 'लिनक्स-मेनूकॉन्फिग'मध्ये केलेले बदल 'आउटपुट'मध्येच असतात आणि 'क्लीन'बरोबर पुसले जातात. ते टिकवायचे तर कर्नलच्या मूळ सेटिंग फाइलची आपली वेगळी प्रत करून तिचा मार्ग मेनूत द्यावा आणि बदलानंतर 'मेक लिनक्स-अपडेट-डेफकॉन्फिग' चालवावा. बिल्डरूटच्या स्वतःच्या निवडींसाठी 'मेक सेव्हडेफकॉन्फिग' आहे. या छोट्या फाइली आणि ओव्हरले फोल्डर गिटमध्ये (बदलांचा इतिहास जपणाऱ्या साधनात) ठेवावेत. त्यांवरून तीच इमेज पुढच्या वर्षीही तयार करता येते.

मराठी पडद्यावर दाखवायचे असेल तर लिनक्सच्या मजकुरी कन्सोलवर विसंबू नये. त्यात जास्तीत जास्त ५१२ चिन्हे मावतात आणि जोडाक्षरांची मांडणी तो करत नाही. त्यासाठी चित्रमय पडदा, अक्षरांची मांडणी करणारे हार्फबझ वापरणारे साधन आणि ओव्हरलेमध्ये ठेवलेला देवनागरी टंक (फाँट) हवा.

वीज कधीही जाईल अशा ठिकाणी यंत्र ठेवायचे असेल, आणि महाराष्ट्रातल्या बहुतेक गावांत ते गृहीतच धरावे, तर मूळ फाइलप्रणाली फक्त वाचण्यापुरती ठेवणे फार मोलाचे आहे. लिहिणे चालू असताना वीज गेली की फाइलप्रणाली बिघडू शकते. लिहिणेच नसेल तर तो धोका उरत नाही. 'सिस्टिम कॉन्फिगरेशन'मध्ये बूटच्या वेळी मूळ फाइलप्रणाली लिहिण्याजोगी करण्याचा पर्याय असतो, तो बंद करावा. बिझीबॉक्सच्या मांडणीत 'व्हार'मधील 'लॉग' आधीच स्मृतीतल्या 'टीएमपी'कडे वळवलेला असतो, त्यामुळे नोंदी लिहिणारे प्रोग्रॅम अडत नाहीत. याचा एक परिणाम ड्रॉपबेअरवर होतो. यंत्राची ओळख पटवणारी किल्ली ठेवायला त्याला डिस्क मिळत नाही, म्हणून तो ती स्मृतीत ठेवतो आणि प्रत्येक बूटनंतर नवी बनवतो. मग आपल्या लॅपटॉपवरून लॉगिन करताना यंत्राची ओळख बदलल्याचा ठळक इशारा येतो. तो घुसखोरीचा समजून घाबरू नये, पण डोळे मिटून दुर्लक्षही करू नये. किल्ली एकदाच तयार करून ती ओव्हरलेमधून इमेजमध्ये घालावी. मात्र अशी इमेज दुसऱ्यांना वाटू नये, कारण तिच्यासोबत ती किल्लीही जाते. मोजमापांच्या नोंदी कायमच्या ठेवायच्या असतील तर त्यांच्यासाठी वेगळे विभाजन करावे.

इमेज दुसऱ्याला द्यायची असेल, मग ती विकत असो वा फुकट, तर त्याआधी 'मेक लीगल-इन्फो' चालवावा. कर्नल आणि बिझीबॉक्स जीपीएल परवान्याखाली आहेत. ते वाटणाऱ्यावर स्रोतकोड उपलब्ध करून देण्याची जबाबदारी येते. हा आदेश प्रत्येक पॅकेजचा परवाना आणि स्रोतकोड 'आउटपुट'मधील 'लीगल-इन्फो' फोल्डरात जमा करतो. तो फोल्डर इमेजसोबत जपून ठेवावा.